ट्रॅक्टर-लोडरच्या पिंजऱ्यातून उंचावर काम: नवख्यांसाठी पायरीपायरीनं

ज्याच्या घरी लोडर लावलेला ट्रॅक्टर आहे, त्याच्याकडे शेणखत भरण्यासोबत आणखी एक काम हमखास येतं: माणूस वर चढवणं. आपल्या नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे संत्र्याची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या काढायला, कळमेश्वर-सावनेरकडे वादळात उखडलेले टिनाचे पत्रे बसवायला, हिंगण्याला गोदामाची पन्हाळ साफ करायला. सगळीकडे पद्धत एकच. बकेट खाली टेकवायची, त्यात माणूस उभा करायचा आणि लिव्हर ओढायचा.

बकेटमधून माणूस चढवणं बंद करा. बकेट पलटी होण्यासाठीच बनवलेली असते. ज्या लिव्हरनं बूम, म्हणजे लोडरचा पुढचा हात वर जातो, बहुतेक लोडरमध्ये तोच लिव्हर बाजूला ढकलला की बकेट पालथी होते. चालकाचं कोपर लागलं, बाहीत लिव्हर अडकला, तरी तेवढं पुरतं. कठडा नाही, पट्टा अडकवायला जागा नाही, आणि तळ घासून गुळगुळीत झालेला. बऱ्याच लोडरच्या बूमवर बकेटमधला माणूस आणि त्यावर लाल फुली असं स्टिकर असतं. तुमच्या लोडरचं मॅन्युअल काढून बघा. माणूस चढवायला कंपनीनं साफ मनाई केली असेल, तर बकेटच्या जागी लावायचा कठड्याचा पिंजरा कितीही भक्कम बनवला तरी ती मनाई कायम राहते. अशा लोडरवर पुढचं काहीही करू नका. कंपनीनं पिंजऱ्याला परवानगी दिली असेल, तरच पुढच्या पायऱ्या.

आधी ठरवा: वर जायलाच हवं का?

सल काढायची असेल तर लांब दांड्याची करवत आणि कात्री मिळते. जोड-दांडा लावला की जमिनीवर उभं राहून बारा-चौदा फुटांपर्यंतचं निम्म्याहून जास्त काम उरकतं. पानसोट, म्हणजे फळ न देणारे सरळ वाढलेले फुटवे, तर खालच्याच भागात जास्त असतात, त्यासाठी पिंजरा लागतच नाही. शेडमध्ये फरशी पक्की असेल आणि काम दोन-तीन दिवसांचं असेल, तर बुटीबोरी-हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला सिझर लिफ्ट भाड्यानं मिळते. ती माणसांसाठीच बनवलेली असते. फक्त तिला वावरात नेऊ नका, मऊ जमिनीवर ती कामाची नाही.

लोडरचा पिंजरा हा अधूनमधूनच्या, थोड्या वेळाच्या कामासाठी. रोज आठ तास त्यात माणूस ठेवायचा बेत असेल, तर चुकीचं यंत्र निवडलं असं समजा.

सीटवर कोण बसणार?

पिंजऱ्यात कोण जाणार हे सगळे आधी ठरवतात: वजनानं हलका, चपळ, घाबरत नाही असा. सीटवर मग जो उरेल तो. हे उलटं करा. आधी चालक ठरवा. तो त्याच ट्रॅक्टरवर, त्याच लोडरवर हात बसलेला हवा. शेजारच्या वावरातून तासाभरासाठी बोलावलेला चालणार नाही, कारण प्रत्येक लोडरचा लिव्हर वेगळा वागतो. एखाद्याचा बूम इंचाइंचानं सरकतो, तर एखाद्याचा झटक्यानं उठतो.

चालकाला एक गोष्ट हातानं दाखवून शिकवायची. बऱ्याच लोडरमध्ये लिव्हर पुढे ढकलला की बूम खाली येतो, आणि आणखी पुढे ढकलला की 'खट्' होऊन लिव्हर तिथेच अडकतो. ही फ्लोट जागा. तिथे जॅकमधलं, म्हणजे बूम उचलणाऱ्या नळकांड्यातलं तेल मोकळं होतं आणि बूम आपल्या वजनानं सरळ खाली येतो. जमीन सपाट करताना ही सोय कामाची, पण वर माणूस असताना फार वाईट. रिकामा पिंजरा फूटभर उचला आणि तो खटका नेमका कुठे लागतो ते चालकाच्या हाताला कळू द्या. जमलं तर फॅब्रिकेशनवाल्याकडून त्या जागेला अडसर बसवून घ्या. पिंजरा पुढे-मागे कलवणाऱ्या हालचालीलाही तसंच काढता येणारं पक्कं लॉक हवं.

माणूस वर असेपर्यंत चालक सीट सोडत नाही. पाणी प्यायला नाही, फोन घ्यायला नाही, खाली पडलेली आरी उचलून द्यायलाही नाही. त्यासाठी तिसरा माणूस ठेवा. तिघं जमत नसतील तर काम उद्यावर.

पिंजरा कसा असावा

लोडर आठशे किलो मुरूम उचलतो, मग साठ-सत्तर किलोच्या माणसाचं काय, असा प्रश्न येतोच. वजन हा मुद्दाच नाही. पाइप फुटून मुरमाची बकेट खाली आली, तर ती पुन्हा भरता येते.

साध्या लोडरमध्ये बूमला वर धरून ठेवणारी गोष्ट एकच असते: जॅकमधलं तेल. ते रबरी पाइपातून व्हॉल्व्हपर्यंत जातं. पाइप फुटला की मध्ये अडवायला काही नाही. म्हणून माणूस चढवायच्या लोडरला दोन्ही जॅकच्या तोंडाशीच होज बर्स्ट व्हॉल्व्ह हवा. पाइप फुटून तेल एकदम धावलं की तो बंद होतो. लोडर विकणाऱ्याला याच नावानं विचारा. नसेल तर बसवून घ्या, आणि बसत नसेल तर त्या लोडरवर माणूस चढवू नका.

पिंजऱ्याचा कठडा साडेतीन फुटांच्या वर, म्हणजे साधारण १.१ मीटर. मध्ये एक आडवी नळी, तळाशी चारही बाजूंनी चार-सहा इंचांची पट्टी, म्हणजे पान्हा घरंगळून खालच्याच्या डोक्यात पडत नाही. तळाला चेकर प्लेट, म्हणजे पाय न घसरणारा उठावाचा पत्रा, आणि पाणी जायला भोकं. दार आत उघडणारं. बाहेर उघडणाऱ्या दाराला टेकलं की दारासकट माणूस खाली. बूमच्या बाजूला पूर्ण उंचीची जाळी, कारण हात कापला जाण्याची जागा तीच. हात धरायची दांडी कठड्याच्या आतून, बाहेरून नाही. पट्टा अडकवायचं कडं तळाच्या चौकटीला वेल्ड केलेलं हवं. आणि बाजूला रंगानं लिहिलेलं: किती माणसं, किती किलो. एक माणूस आणि त्याची हत्यारं, यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही.

गावातला वेल्डिंगवाला हे सगळं बनवून देतो, आणि चांगलं बनवतो. पण पिंजरा लोडरला जिथे जोडला जातो त्या जोडाचं डिझाइन त्याच्या अंदाजावर सोडू नका. तो भाग लोडर बनवणाऱ्याकडून किंवा अभियंत्याकडून घ्या.

आता जोडाजवळ बसून पिना बघा. पिन भोकातून आरपार आली पाहिजे, आणि तिच्या टोकाला स्प्रिंगची मूळ क्लिप हवी. निम्म्या ट्रॅक्टरवर तिथे वाकवलेला खिळा असतो, नाहीतर तारेचे दोन वेढे. शेणखताच्या कामात ते चालून जातं. बूम वर-खाली होताना पिन भोकात थोडी फिरते, प्रत्येक फेरीला तो खिळा झिजतो, आणि एका बाजूची पिन सरकली की पिंजरा दुसऱ्या बाजूच्या पिनवर लटकतो. क्लिप स्वस्तात मिळते. चार जास्तीच्या आणून टूलबॉक्समध्ये टाका.

मागचं वजन आणि ब्रेक

पुढे पिंजरा लांबवर गेला की मागची चाकं हलकी होतात. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच चाकांवर असतात. चाक हलकं झालं की ब्रेक कितीही घट्ट असो, चाक जमिनीवर घसरतं. थोड्याशा उतारावर ट्रॅक्टर चालायला लागतो तो असा. म्हणून मागे रोटाव्हेटर लावा. सहा फुटी रोटाव्हेटर चारशे किलोच्या आसपास भरतो. तो जमिनीपासून थोडाच वर ठेवा. पीटीओ, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणारा मागचा शाफ्ट, बंद. दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी लावलेली. हँडब्रेक ओढलेला. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर तो लिव्हर टाकून ठेवा, पुढची चाकंही धरून राहतात. चारही चाकांना लाकडी ओट, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे.

जमीन

आपल्याकडच्या काळ्या जमिनीवर जरा जास्तच बोलावं लागेल, कारण ती बाहेरून काही सांगत नाही. पाऊस उघडून चार दिवस झाले की वर पांढरट कवच धरतं, पाय ठेवला तर टणक लागतं. त्याखाली हातभर चिखल असतो. पायाच्या वजनाला जे कवच पेलतं, ते लोडरच्या पुढच्या चाकाला पेलेलच असं नाही. उन्हाळ्यात उलटं. भेगा इतक्या खोल की चाकाची कड भेगेवर आली तर ढेकूळ खचतं. संत्र्याच्या बागेत यात झाडाभोवती पाण्यासाठी केलेल्या आळ्यांची भर. झाडाजवळ जायच्या नादात पुढचं एक चाक आळ्याच्या ओल्या मातीत जातं आणि दुसरं कोरड्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर राहतं.

हिशेब करून बघा. पुढच्या दोन चाकांतलं अंतर दीड मीटर धरा. एक चाक फक्त ५ सेंटीमीटर खचलं आणि सगळं यंत्र तेवढंच कललं, तर साडेतीन मीटर उंचीवर पिंजरा जवळपास १२ सेंटीमीटर बाजूला सरकतो. वरच्या माणसाला तो झोकाच वाटतो. तो घाबरून दुसऱ्या बाजूला झुकतो आणि पिंजरा हलायला लागतो. ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधोमध एका पिनवर डोलतो, हे बरेच जण विसरतात. नांगरताना ती सोय असते, पण याच कारणानं ट्रॅक्टर चार पायांवर नाही, तीनच पायांवर उभा असल्यासारखा वागतो: मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. बूम जितका वर, तितका बाजूचा तोल कच्चा.

करायचं ते असं. सळाख घ्या आणि चारही चाकांच्या जागी टोचून बघा. सहजासहजी वीतभर आत गेली तर तिथे ट्रॅक्टर नको. पुढच्या दोन्ही टायरमध्ये हवा सारखी, गेजवर मोजून. पायानं लाथ मारून नाही. ठिबकच्या नळ्या बाजूला केलेल्या. मग पिंजऱ्याच्या कठड्याला गवंड्याचा ओळंबा बांधा आणि तो तळावर जिथे येतो तिथे खडूनं खूण करा. माणूस न चढवता पिंजरा पूर्ण वर न्या आणि खाली आणा. ओळंबा खुणेपासून दोन बोटांपेक्षा जास्त सरकत असेल तर जागा बदला. पिंजरा वर जाताना पुढे-मागे कलत असेल, तर तुमचा लोडर पिंजरा आपोआप समतल ठेवणारा नाही. अशा लोडरवर चालक लिव्हरनं कल सावरत बसतो आणि माणूस वर डोलत राहतो. असा लोडर या कामाला घेऊ नका.

वाळूची पोती

हंगामाच्या पहिल्या दिवशी, आणि पाइप किंवा जॅक बदलला असेल तर त्या दिवशीही, पिंजऱ्यात पन्नास किलोची चार पोती ठेवा. माणूस आणि हत्यारं मिळून जे भरेल त्याच्या दुप्पट. पण हे वजन लोडरच्या आणि पिंजऱ्याच्या लिहिलेल्या मर्यादेत बसतं ना, ते आधी बघा. पूर्ण उंचीवर नेऊन इंजिन बंद करा, शेजारच्या खांबावर तळाच्या पातळीला खूण करा आणि अर्धा तास थांबा. बारीकसं उतरणं लोडरला असतंच. पण बोटभर नव्हे, वीतभर उतरला, तर जॅकचं सील किंवा व्हॉल्व्ह गेला असं समजा. पाइपांवर हात फिरवून गळती शोधू नका. दाबाखालचं बारीक तेल कातडीतून आत शिरतं आणि हात गमवायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा.

याच वेळी इंजिन बंद असताना लिव्हरनं बूम हळू उतरतो का तेही तपासा. काही व्हॉल्व्ह इंजिनच्या दाबाशिवाय उघडत नाहीत. तुमचा तसा असेल तर हातानं उतरवायची सोय कुठे आहे ते माणूस वर जायच्या आधी माहीत पाहिजे.

तारा, मोहोळ, वारा

वावरातून जाणारी ११ केव्हीची लाइन आणि मोटरपंपाच्या लोंबलेल्या तारा, दोन्हींपासून पिंजरा, माणूस आणि त्याच्या हातातली करवत मिळून किमान १० फूट लांब. मी तर २० फूटच सांगतो, कारण खालून अंतराचा अंदाज नेहमी चुकतो. त्याच्या आत काम असेल तर लाइनमनला बोलावून लाइन रीतसर बंद करून घ्या. महावितरणचा नंबर १९१२. 'आपल्या फीडरची लाइन रात्रीचीच आहे' या भरवशावर कधी चढायचं नाही. वेळापत्रक बदलतं, आणि कुणाच्या तरी जनरेटरमधून उलटा करंट येऊ शकतो. जानेवारीत संक्रांतीनंतर झाडांत आणि तारांत मांजा अडकलेला असतो. तारेवरून लोंबणारा मांजा ओढून काढायच्या भानगडीत पडू नका.

तरीही लागलीच तार, तर ट्रॅक्टरवरचा ट्रॅक्टरवर आणि पिंजऱ्यातला पिंजऱ्यात, हलायचं नाही. खालचे सगळे लांब पळाले पाहिजेत, कुणी ट्रॅक्टरला हात लावायचा नाही. लाइन बंद झाल्याचं वायरमननं सांगितल्यावरच उतरायचं. ट्रॅक्टरनं पेटच घेतला, तर चालकानं दोन्ही पाय जोडून लांब उडी मारायची आणि पाय न उचलता घसटत दूर जायचं. ट्रॅक्टर आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श झाला की संपलं.

संत्र्याच्या गच्च झाडात गांधीलमाशीचं पोळं असतं, आणि उंच शेडच्या छपराखाली, पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ. जमिनीवर माशा उठल्या तर माणूस पळतो. पिंजऱ्यात पट्टा बांधलेला माणूस कुठे पळणार? चढायच्या आधी झाडाभोवती एक फेरी मारा, वर बघत.

वाऱ्याचं साधं माप: बारीक फांद्या हलायला लागल्या, धूळ-कागद उडू लागले, की वारा ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेला. खाली या. मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग कधी भरून येतील सांगता येत नाही, म्हणून पत्र्याचं काम सकाळी सहा ते दहा. तसंही ४५ डिग्रीत दुपारी टिनाशेजारी उभ्या माणसाला भोवळ येते. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या.

पट्टा आणि हेल्मेट

कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस. त्यावर आयएस ३५२१ आणि हेल्मेटवर आयएस २९२५ हा मानक क्रमांक बघून घ्या. हनुवटीची पट्टी लावलेली, नाहीतर खाली बघताना पहिलं हेल्मेटच पडतं.

दुकानदार बहुधा पावणेदोन-दोन मीटरची झटका सोसणारी दोरी देतो. बांधकामावर ती ठीक. पण ती पूर्ण ताणली, तिचा झटका सोसणारा भाग उघडला, त्यात माणसाची उंची धरली, तर पाच मीटरपेक्षा जास्त मोकळी जागा लागते. तुमचा पिंजरा साडेतीन मीटरवर. म्हणजे दोरी पकडायच्या आधीच माणूस जमिनीवर. इथे आखूड दोरी लागते. माणूस पिंजऱ्याच्या चारही कोपऱ्यांत काम करू शकेल, पण कठड्यावरून बाहेर जाऊच शकणार नाही, इतकी. ती पिंजऱ्याच्या कड्यालाच अडकवायची, फांदीला किंवा शेडच्या कैचीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लोखंडी चौकटीला कधीच नाही.

चढवणं

पिंजरा जमिनीला टेकलेला, इंजिन मंद. माणूस आत जातो, दार लावतो, हूक अडकवतो आणि तो ओढून दाखवतो. चालकाला हूक दिसला की मगच सुरुवात. हात आतल्या दांडीवर. बूम सावकाश. वर फांदी किंवा लोखंड असेल तर चालकाची नजर माणसाच्या डोक्यावर. कठडा आणि वरची कैची यांच्यात छाती दाबली गेली तर ओरडायलाही श्वास उरत नाही, त्यामुळे 'तो सांगेल' यावर राहायचं नाही.

शब्द तीनच: वर, खाली, थांब. 'वर' आणि 'खाली' फक्त पिंजऱ्यातला म्हणतो. 'थांब' कुणीही म्हणू शकतं, शेळ्या राखणारं पोरगंसुद्धा. इंजिनच्या आवाजात ऐकू येत नसेल तर हाताच्या खुणा ठरवून घ्या. उंची मिळाली की इंजिन बंद.

आता सगळ्यात मोठा मोह. बागेत झाडं वीस-वीस फुटांवर, एका झाडाला तीन-चार जागांवरून काम. वरून आवाज येतो, "भाऊ, जराकसं पुढं घ्या नं, येवढीच फांदी राह्यली." चालक क्लच सोडतो. नाही. माणूस वर असताना चाक एक वीतही हलणार नाही. पिंजरा जमिनीवर, माणूस बाहेर, ट्रॅक्टर नव्या जागी, सळाख, मग पुन्हा वर. दर जागेला दोन-तीन मिनिटं जातात. मजुरी रोजावर असेल तर मालकाला ती टोचतात, म्हणून हा नियम मालकानंच सकाळी सगळ्यांसमोर बोलून टाकावा. नाहीतर सालदार नाही कसं म्हणणार?

वर गेल्यावर

दोन्ही पाय तळावर. कठड्यावर चढायचं नाही, आत घोडी किंवा क्रेट ठेवून उंची वाढवायची नाही. फांदी ओढून तोडू नका, करवतीनं कापा. अडकलेली फांदी एकदम सुटली की ओढणाऱ्याच्या झटक्यानं पिंजरा हेलकावतो. चेनसॉ पिंजऱ्यात नको. सल जिवंत लाकडापर्यंत कापून तिथेच बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप लावायची, तर डबा कड्याला टांगा, हातात धरून ठेवू नका.

पिंजऱ्यातून छपरावर उतरायचं नाही. सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा दिसतो आणि पायाखाली पापडासारखा मोडतो. टिनाचा पत्रा एकट्यानं पिंजऱ्यातून वर नेऊ नका, वाऱ्यात तो शिडासारखा धरतो. पत्रे दोरानं वेगळे चढवा.

कुणी लटकला तर

हार्नेसमध्ये लटकलेला माणूस शुद्धीत असला तरी वेळ कमी असतो. पट्ट्यानं पायातलं रक्त अडतं. चालकानं बूम सावकाश खाली आणायचा, तिसऱ्यानं पाय धरून आधार द्यायचा. खाली येताना माणूस पिंजऱ्याखाली सापडत नाही ना, हे तिसराच बघतो. १०८ ला फोन लावताना गावाचं नाव पुरत नाही. वावराकडे वळायचं ते ठिकाण सांगा आणि तिथे कुणाला तरी उभं करा.

काम संपल्यावर

बूम जमिनीवर, किल्ली खिशात. पिंजरा त्याच दिवशी पाण्यानं धुवा, विशेषतः पिना आणि वेल्डचे सांधे. बोर्डोतला मोरचूद लोखंड खातो आणि रंगाखाली ते दिसत नाही. सांध्यापाशी रंगाला केसासारखी रेघ दिसली तर तिथला रंग खरवडून बघा, ती वेल्डची चीर असू शकते. हार्नेस उन्हात वाळत घालू नका, सावलीत टांगा. शिवण उसवली असेल किंवा पट्टीवर आम्लाचा, तेलाचा डाग असेल तर अख्खा हार्नेस कापून फेका. नुसता बाजूला ठेवला तर पुढच्या हंगामात कुणीतरी तोच घालतो.

पिंजरा लोडरवरून काढून शेडमध्ये ठेवा आणि बकेट परत लावा. लावून ठेवलेला पिंजरा दिसला की शेजारी संध्याकाळी 'फक्त एक बल्ब बदलायचा आहे' म्हणून येतोच, आणि तेव्हा तिसरा माणूस घरी गेलेला असतो.